ए विंगचं हवामान

हवामानाबद्दल मत नसलेला माणूस पुण्यात मिळणं अवघड, आणि हवामान खात्याबद्दल मत नसलेला तर अशक्यच. खातं म्हणालं पाऊस येणार, की छत्री घरी ठेवायची, हा विनोद इथलं मूल बाराखडीच्या आधी शिकतं. खरं तर या शहराचं आणि खात्याचं नातं घरोब्याचं. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलं. त्या मुक्कामाची आठवण म्हणून शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजूनही ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. मुख्यालय दिल्लीला गेलं, टोमणे मात्र पुण्यातच राहिले.

पंचांगाला हा जाच नाही. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस चांगला, गाढव-उंदीर असलं की बेताचा, एवढं सांगून ते मोकळं होतं. मृगाचा बेडूक कोरडा गेला तर पंचांगकर्त्याला कोणी जाब विचारायला जात नाही. उपग्रह, रडार आणि महासंगणक लावून बसलेल्या खात्याचा अंदाज मात्र कोथरूडला खरा ठरून हडपसरला चुकला, तरी हडपसरकर ते वर्षभर विसरत नाहीत.

आमच्या सोसायटीतले मॅनेजरसाहेब या दोन्ही बाजूंवर सारखेच नाराज होते. साहेब बँकेतून निवृत्त झालेले. व्हाउचर नसलेली कुठलीही गोष्ट ही अफवा असते, अशी त्यांची जन्मभराची श्रद्धा. “काल काय धो धो पडला हो!” असं कोणी जिन्यात म्हणालं, की ते विचारणार, “किती? केव्हापासून केव्हापर्यंत? नोंद कोणी केली?” धो धो हे काही एकक नाही. शेवटी नोंद आपणच ठेवायची असं ठरवून त्यांनी हौशी मंडळींसाठी मिळतं तसं, स्वतः जोडायचं हवामान केंद्राचं किट मागवलं. शिडी धरण्यासाठी शेजारी म्हणून माझी नेमणूक झाली. नेमणूक मानद होती.

खोक्यातून निघालं ते असं: वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या, दिशा दाखवणारा बाण, काळ्या प्लास्टिकचं पर्जन्यमापक, ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड, तापमान-आर्द्रता-दाब असं सगळं एकट्याने सांभाळणारा नखाएवढा सेन्सर, जमिनीचं तापमान घेणारी स्टीलची नळी आणि रंगीत वायरींचा गुंता. माहितीपत्रकही होतं. ते वाचून झाल्यावर साहेबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग ते कपाटात ठेवलं आणि नातीला फोन केला.

नात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. ती येईपर्यंत आम्ही पर्जन्यमापकाचं झाकण काढून आत पाहिलं. यात बघण्यासारखं काही असेल तर ते हेच. नरसाळ्याच्या भोकाखाली बोटभर लांबीचा सी-सॉ. त्याच्या दोन टोकांना दोन खोलगट कप्पे. वर आलेल्या कप्प्यात पाणी थेंबाथेंबाने साचतं, भार झाला की सी-सॉ टक्कन कलतो, भरलेला कप्पा ओतला जातो आणि रिकामा वर येऊन उभा राहतो. कलताना मधलं चिमुकलं लोहचुंबक एका काचेच्या स्विचसमोरून सरकतं आणि सर्किट क्षणभर जुळतं. बोर्डाला कळतं ते एवढंच, की टक् झालं. एक टक् म्हणजे ०.२७९४ मिलिमीटर पाऊस. हा विचित्र आकडा येतो तो मूळ माप इंचात, अकरा सहस्रांश इंच, असल्यामुळे. उभी हयात दोन दशांश स्थळांत काढलेल्या माणसाला उतारवयात चार स्थळं मिळाली. साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

पण आकडा दिसला की तो तपासायचा, हा जुना शिरस्ता. “०.२७९४ कशावरून?” अशी शंका त्यांनी काढली आणि ती रास्तच होती. हवामानाच्या धंद्यात या शंकेला मोठा मान आहे. १९४८ साली पुण्यातच हवामान खात्यात रुजू झालेल्या अॅना मणी यांनी परदेशातून येणारी उपकरणं देशात बनवण्यासाठी शंभरेक उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून घेतले, ते मोजमाप चोख हवं या एकाच हट्टापायी. साहेबांनी तो हट्ट बाल्कनीत चालवला. ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनचा सेट आणला, अर्ध्या लिटरची बाटली कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगली आणि नळीचं तोंड नरसाळ्यावर धरून चाक अगदी सावकाश सोडलं. नरसाळ्याचं तोंड सुमारे पंचावन्न चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका टक्साठी दीड मिलिलीटरच्या आसपास पाणी लागणार आणि पूर्ण बाटलीला सव्वातीनशेच्या आसपास टका पडायला हव्यात. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, बाहेर आल्या, टांगलेलं सलाईन पाहिलं आणि म्हणाल्या, “कोण आजारी आहे?”

“पाऊस,” साहेब म्हणाले. “ऑडिट चाललंय.”

बाटली संपली तेव्हा हिशेबाने बाल्कनीत एक्क्याण्णव मिलिमीटर पाऊस झाला होता. हवामान खात्याच्या व्याख्येत ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत ‘जोरदार पाऊस’ धरतात. बाहेर ऊन रणरणत होतं.

नात आली आणि प्रोग्रॅमिंग सुरू झालं. आता या कामाबद्दल बाहेरच्यांची अशी समजूत असते, की यात खूप टाइप करायचं असतं. तसं काही नाही. यात मुख्यतः स्क्रीनकडे बघत “असं का करतोय हा?” म्हणायचं असतं. टाइप करणं मधूनमधून.

पहिला अडला तो नखाएवढा सेन्सर. प्रोग्रॅम म्हणे सेन्सर सापडतच नाही. वायरी बरोबर, पत्ता बरोबर. नातीने शोधून काढलं, की या चिपला आपला ओळख क्रमांक विचारता येतो. आर्द्रता मोजणारा असेल तर तो साठ सांगतो, आर्द्रता न मोजणारा त्याचा स्वस्तातला भाऊ अठ्ठावन्न. आमचा म्हणाला अठ्ठावन्न. विक्रेत्याने खोक्यावर एकाचं नाव घालून आत दुसरा दिला होता.

“म्हणजे केवायसी फेल,” साहेब म्हणाले. “आणि अठ्ठावन्नलाच रिटायर झालेला आहे. राज्य सरकारचा दिसतोय. आपल्याला साठवाला पाहिजे. बँकेचा.”

बदली सेन्सर आला, त्याने साठ सांगितलं आणि त्याची आर्द्रतेवर नेमणूक झाली. पुढचा घोटाळा टक्चा. सी-सॉ एकदा कलला की स्क्रीनवर पाऊस कधी चार टका, कधी सात. स्विचच्या पात्या जुळताना थरथरतात. ती थरथर आपल्याला कळतही नाही, पण बोर्ड सेकंदाला लाखो वेळा बघणारा, त्याला प्रत्येक थरथर म्हणजे नवा पाऊस. साहेब हादरले. एकच चेक सात वेळा वटलेला त्यांनी उभ्या सेवेत पाहिला नव्हता. नातीने दोन ओळी घातल्या: एक टक् झाली की सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत आणखी कोणाचं काही ऐकायचं नाही. हा नियम साहेबांना इतका पटला की सोसायटीच्या वार्षिक सभेलाही तो लागू करावा असं त्यांनी सुचवलं.

वाऱ्याची दिशा हे आणखी वेगळं प्रकरण. बाणाखाली आठ स्विच, प्रत्येकाला वेगळा रोध. चुंबक दोन स्विचच्या मधोमध आलं की दोन्ही जुळतात, म्हणून आठ स्विचांत सोळा दिशा. बोर्डाने फक्त व्होल्टेज बघून दिशा ओळखायची. काही दिशांची व्होल्टेज इतकी लगतची, की वायर जरा लांब झाली तर एका दिशेचा वारा क्षणात दुसऱ्याच दिशेचा होतो. त्यात बाणाचं टोक जिकडे, तिकडून वारा येतो हे काकूंना पटेना. “नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात म्हणून नैर्ऋत्य,” साहेबांनी समजावलं. “मग मी माहेरून आले, तर मी माहेरची ना?” काकूंनी विचारलं. साहेबांनी तो मुद्दा पुढच्या बैठकीवर टाकला.

स्टीलची नळी तुळशीच्या कुंडीत खोचली होती. एका सकाळी स्क्रीनवर कुंडीचं तापमान आलं उणे १२७. पृथ्वीच्या पाठीवर जमिनीवरच्या केंद्रात नोंदलेलं सर्वांत कमी तापमान उणे ८९.२, तेही अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रात, १९८३ सालच्या जुलैत. आमच्या तुळशीने त्याला बरंच मागे टाकलं. नातीने सांगितलं, की या नळीची वायर सुटली की प्रोग्रॅम उणे १२७ दाखवतो, ती त्याची तक्रार करायची पद्धत आहे. काकूंनी तरीही तुळस आत घेतली.

मग जागा ठरवायची. जागतिक हवामान संघटनेचे संकेत कडक आहेत. वारा मोजायचा तो उघड्या मैदानात, जमिनीपासून दहा मीटरवर. तापमापक सव्वा ते दोन मीटर उंचीवर, हवा खेळती पण ऊन न लागणारी अशी पांढरी, झडपांची पेटी करून. या पेटीला स्टिव्हन्सन पेटी म्हणतात. ती सुचली थॉमस स्टिव्हन्सन नावाच्या स्कॉटिश दीपगृह-अभियंत्याला, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टिव्हन्सनच्या वडिलांना. आमच्या नातीने तीच कल्पना कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या ताटल्या उलट्या एकावर एक, बोटभर फट ठेवून, लांब स्क्रूवर ओवून साधली. बोर्ड त्या ताटल्यांच्या आत ठेवायचा नाही, कारण तो स्वतःच गरम होतो आणि सेन्सरला वाटतं पुणं तापलं.

राहिली उंची आणि मोकळी जागा. गच्चीवर एका अंगाला पाण्याच्या टाक्या, दुसरीकडे सोलर, तिसरीकडे कोणाच्या तरी डिशचा सांगाडा. संघटनेच्या अटींत बसणारी जागा एकच होती आणि तिथे तळमजल्यावरच्या वहिनींच्या कुरडया वाळत होत्या. वहिनींनी विचारलं, “यंत्र पाऊस थांबवतं का?” थांबवत नाही असं कळल्यावर त्यांनी जागा सोडायला नकार दिला. तडजोड होऊन केंद्र सोलरशेजारच्या पाइपावर चढलं. दहा मीटर आम्ही तळमजल्यापासून धरले.

केंद्र सुरू झालं आणि त्याचे आकडे सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊ लागले. पहिल्याच दिवशी हाहाकार. वायुदाब ९४५ हेक्टोपास्कल! चौथ्या मजल्यावरच्या एकांनी शोध घेतला, तर समुद्रावर असा आकडा भयंकर चक्रीवादळाच्या पोटात मिळतो. कोणी गाडी झाकली, कोणी खिडक्या लावल्या. साहेबांना खुलासा करावा लागला, की पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कल उतरतो, तेव्हा हा आकडा समुद्रसपाटीवर आणून वाचायचा.

“म्हणजे खाली पार्किंगमध्ये?” कोणीतरी विचारलं.

“नाही. मुंबईत.”

यंत्र घरात आलेल्या माणसाशी गप्पा मारणं पूर्वीसारखं राहत नाही. “काय उकडतंय!” या वाक्याला सुसंस्कृत समाजात “हो ना!” असं उत्तर असतं. साहेबांकडून येतं, “एकतीस पूर्णांक दोन. पण आर्द्रता अडुसष्ट आहे, त्यामुळे तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे.” आपल्याला उकडतंय याची अशी मंजुरी मिळाल्यावर पुढे काय बोलायचं ते माणसाला सुचत नाही. “भुरभुर पडून गेला” असं म्हणायचीही सोय नाही. दिवसाचा पाऊस अडीच मिलिमीटर झाला तरच तो दिवस खात्याच्या हिशेबात पावसाचा, नाहीतर भिजलात ते खासगीत.

दिवसही त्यांचा बदलला आहे. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, सरकारी पर्जन्यमापकांचं वाचन त्या वेळी होतं म्हणून. सव्वाआठला आलेली सर कालच्या खात्यात, पावणेनऊची आजच्या. पूर्वी साडेआठला साहेब चहा पीत बसत. आता त्या वेळी कॅश क्लोजिंग असतं आणि कोणी बोलायचं नाही.

त्यांना खरा जिव्हाळा मात्र दाबाच्या आलेखाचा. ढग असो नसो, विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात दाब रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सूर्याच्या उष्णतेने सगळं वातावरणच भरती-ओहोटीसारखं हलतं. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचाच, पण नियम पक्का: सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत वर, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत खाली. पृथ्वीचं वातावरण दहा ते चार कामावर असतं, हे पाहून साहेबांचा निसर्गावरचा विश्वास दृढ झाला. रात्री दहाला ते पुन्हा एकदा चढतं, ते इयर एंडिंगमुळे असावं, असा त्यांचा कयास आहे.

पाऊस मात्र इतका शिस्तीचा नाही. भर मे महिन्यात केंद्राने पाऊस दाखवला, तो वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडून वाहिलेलं पाणी नरसाळ्यात गेल्यामुळे. पावसाळ्यात उलटं झालं. रस्ते वाहत होते आणि केंद्रावर शून्य. कबुतरांनी नरसाळ्याच्या काठावर बैठक बसवून भोक बुजवलं होतं. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तेव्हा अडलेलं पाणी एकेक थेंब झिरपून दिवसभर टक्, टक् पाऊस नोंदवत राहिलं. वहीत साहेबांनी शेरा मारला: ‘थकबाकी वसुली.’

याच वहीने सोसायटीची खरी पंचाईत केली. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमची गच्ची तीनशे चौरस मीटर. पुण्याचा वर्षाचा पाऊस नुसता सातशे मिलिमीटर धरला तरी दोन लाख दहा हजार लिटर. दहा हजारी टँकर धरला तर एकवीस टँकर आपण पन्हाळीतून रस्त्यावर सोडतो आणि एप्रिलमध्ये तेवढेच विकत घेतो, असं साहेबांनी सभेत मांडलं. हिशेब बिनतोड होता. सभेने त्यांचं अभिनंदन केलं आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट आपोआप घडली. साहेबांनी हवामान खात्याला नावं ठेवणं बंद केलं. जिन्यात कोणी तो छत्रीचा विनोद काढला, की ते २६ जुलै २००५ काढतात. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३.४. एकीकडे माणसं छतावर बसलेली, दुसरीकडे पावसाळ्यातला नेहमीचा दिवस. दोन्ही आकडे खरे, दोन्ही सरकारी. “आता सांगा,” साहेब विचारतात, “मुंबईत पाऊस किती पडला?” समोरचा गप्प बसतो. अंदाज चुकतो म्हणून ओरडणारे आपण, झालेला पाऊसही एका आकड्यात सांगू शकत नाही. ज्याने स्वतः एक नरसाळं सांभाळलं आहे, कबुतरं हाकलली आहेत, त्याला हे कळतं. ज्याने नाही, तो टोमणे मारतो.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण जुलैत बी विंगचे लोक बिथरले. ग्रुपवर रोजचा आकडा ‘सोसायटीचा पाऊस’ म्हणून येत होता आणि त्यांचं म्हणणं, की आमच्याकडे याच्याहून जास्त पडतो. पाणी आमच्याकडे गळतं, भिंती आमच्या ओल्या, आणि नोंद ए विंगची? वर्गणी काढून त्यांनीही किट आणलं, तेही अगदी तेच, आणि आपल्या टाकीशेजारी उभं केलं. पहिल्याच सरीला ए विंग सव्वीस, बी विंग तीस. मध्ये अंतर एका पार्किंगचं. दुसऱ्या दिवशी ए जास्त, बी कमी. वारा कुठून आला, टाकीचा आडोसा कोणाला, पाइप कोणाचा कलला, यावर दोन्ही बाजूंनी अभ्यासपूर्ण निवेदनं झाली. साहेबांनी सलाईनची बाटली घेऊन बी विंगच्या केंद्राचं ऑडिट करायची तयारी दाखवली. बी विंगने ती बाहेरची ढवळाढवळ ठरवून फेटाळली.

शेवटी सेक्रेटरींनी मार्ग काढला. आता रोज सकाळी नोटीस बोर्डावर दोन्ही केंद्रांची सरासरी लागते. हा पाऊस ए विंगवर पडलेला नाही आणि बी विंगवरही पडलेला नाही. पण त्याच्यावर सोसायटीचा शिक्का आहे, म्हणून दोन्ही विंगा तोच खरा मानतात.